उत्तरेच्या खिडकीतली पलटी

रंगाईच्या कारखान्यात त्यांना उजेडराव म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण नाव इतकं जुनं झालं होतं की ते त्यांच्या कानावर केव्हाच गेलं होतं आणि मनातल्या मनात त्यांनी ते मान्यही करून टाकलं होतं.

रंगवून, वाळून आलेलं कापड मंजूर नमुन्याशी जुळतं की नाही हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सव्वीस वर्षं. पहिल्या मजल्यावर उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. खिडकीखाली राखी रंग दिलेलं टेबल. टेबलावर नमुन्याचा तुकडा आणि त्याला चिकटून नव्या लॉटचा तुकडा. मधोमध चौकट कापलेला एक पुठ्ठा उजेडराव त्या दोन्हींवर ठेवत, म्हणजे आजूबाजूचे रंग डोळ्यांत येऊन घोटाळा करत नाहीत. मग एकदा डावीकडून बघत, एकदा उजवीकडून, आणि नोंदवहीत सही करत. ती सही झाल्याशिवाय कापडाचा एकही ताका दाराबाहेर जात नसे.

गिऱ्हाइकाकडून रंगाची तक्रार आली की ते स्वतः फोनवर बोलत. कापड कुठे पाहिलंत, ट्यूबखाली की दारात, किती वाजता, समोरच्या भिंतीला कोणता रंग आहे, असे चार प्रश्न शांतपणे विचारत. चौथ्या प्रश्नापर्यंत पलीकडचा माणूस आपल्या दुकानाच्या भिंतीबद्दल माफी मागण्याच्या बेताला आलेला असे. कापडात खोट नाही, तुमच्या उजेडात आहे, हे वाक्य बोलण्याची वेळ फार थोड्या वेळा येई. नाव पडलं ते त्यावरून.

वादात हरलेले उजेडराव कुणी पाहिले नव्हते. माणूस फुकट वाद घालत नाही, त्याला त्यातून काहीतरी हवं असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो का म्हणतो, इकडे त्यांचं लक्ष आधी जाई. कँटीनवाल्याने आपण होऊन विचारलं की चहा आज कसा झालाय, तर याने दूध बदललेलं दिसतंय असं त्यांना वाटे. धाकटा मेहुणा पूर्वी रविवारी गप्पा मारायला येई. पाच-सात वर्षं सगळ्या विषयांवर हरल्यानंतर तो आता प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे भाऊजी" एवढंच म्हणे आणि कप खाली ठेवला की उठे. उजेडरावांना त्या होकारातही डाव दिसे.

कारखान्यात वादाचा एक नियम होता. तो थोरल्या मालकांनी घालून दिला होता. फार वर्षांपूर्वी दोन फोरमन गडद निळा रंग चढला की नाही यावरून कुंडाच्या काठावर तासभर भांडले. भांडण संपेपर्यंत कापड उकळत्या रंगात तसंच फिरत राहिलं आणि शेवटी इतकं काळवंडलं की ते काळं म्हणूनच विकावं लागलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं की यापुढे दोघांचं पटलं नाही तर आधी एकाने दुसऱ्याचं म्हणणं मांडायचं. तेही असं नीट, की दुसऱ्याने "हो, हेच माझं म्हणणं" अशी कबुली दिली पाहिजे. मग दुसऱ्याने पहिल्याचं मांडायचं. दोन्ही कबुल्या झाल्यावरच स्वतःची बाजू बोलायची. याला सगळे पलटी म्हणत. थोरले मालक गेले, पण पलटी राहिली. निम्म्या वेळा तर समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने म्हणतानाच माणसाचा आवाज उतरे आणि पुढचं काही बोलावं लागत नसे.

उजेडरावांनी या नियमाचंही हत्यार केलं होतं. समोरच्याची बाजू ते अशी सुरेख रचत की ऐकणारा खूश होई, पण रचताना त्यात एक वीट सैल ठेवत. फोरमन म्हणालेला असे की कापड ओलं असताना जुळत होतं, वाळताना उतरलं. उजेडराव मांडत, "फोरमनचं म्हणणं असं, की रंग ओल्या कापडावरून ठरवावा." फोरमनचं अर्धं लक्ष खालच्या कुंडात. तो म्हणे, हो, तसंच काहीसं. झालं. तेवढी एक वीट काढली की भिंत खाली. त्या 'तसंच काहीसं'वर उजेडरावांनी सव्वीस वर्षं काढली होती.

आठ महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत नवी केमिस्ट आली. तिशीतली, पाठीवर जड पिशवी, केसांत नेहमी एखादी पेन्सिल खोचलेली. तिची वाद घालायची पद्धत उजेडरावांना पहिल्या दिवसापासून खटकली. वाक्य अर्धं सोडायची. मध्येच थांबून म्हणायची, हे मला नक्की माहीत नाही, बघून सांगते. वादात माणसाने समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, ही कापडाकडे बघायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मधूनच म्हणायची, "हे तुमचं बरोबर आहे, काका." मेहुण्याचा होकार एक वेळ समजण्यासारखा होता, त्याला घरी जायचं असे. हिला कुठे जायचं होतं?

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. या वयात खुर्चीखालून काय काय सरकतं हे उजेडरावांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यामुळे ते बारीक लक्ष ठेवून होते. केमिस्ट मॅनेजरच्या खोलीत गेली की किती मिनिटांनी बाहेर येते, येताना हातात कागद असतो का, हे त्यांना ठाऊक असे. तिने शिकायला म्हणून जुन्या तक्रारींची फाइल मागितली, तेव्हा त्यांनी ती दिली, पण देण्याआधी पानं मोजून घेतली. परत आली तेव्हा पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. म्हणजे छायाप्रती काढल्या असणार, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी अकरा वाजता राखी कापडाचा दुसरा लॉट खिडकीवर आला. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या कोटांचं ते कापड होतं. पहिला लॉट पंधरा दिवसांपूर्वी उजेडरावांच्याच सहीने शिवणकारखान्यात गेला होता आणि तिथे कोटांची अंगं कापूनही झाली होती. बाह्यांसाठी या दुसऱ्या लॉटची वाट बघत मशिनं थांबली होती. रंगात फरक निघाला असता तर तो प्रत्येक कोटाच्या खांद्यावर शिवणीच्या दोन्ही बाजूंना दिसला असता.

उजेडरावांनी पुठ्ठा ठेवला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पेनाचं टोपण काढलं. शेजारी उभी राहून केमिस्ट म्हणाली की हा निळ्याकडे गेल्यासारखा वाटतोय.

त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. ढग होता. ती म्हणाली, खरं आहे, थांबू या. दोघं वीस मिनिटं थांबले, ढग गेला, तिने पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, अजूनही वाटतोय. खालच्या यंत्रावरही मोजलंय, त्यातही निळं येतंय. उजेडराव म्हणाले की त्या यंत्राचा बल्ब कधी बदललाय ते आधी सांगा. हा त्यांचा हुकमी प्रश्न होता. समोरचा या जागी चिडतो आणि चिडला की चुकतो. ती चिडली नाही. म्हणाली, हे मी बघितलंच नाही. खाली गेली, बल्ब बदलला, सगळी मोजणी पुन्हा केली आणि पाऊण तासाने वर आली.

"तुमचं बरोबर होतं काका, बल्ब जुनाच होता. फरक आधीपेक्षा कमी आला. पण आहे."

उजेडराव तिच्याकडे बघत राहिले. कमी आलेला आकडा कुणी आपल्या तोंडाने सांगतं का? ती गप्प बसली असती तर त्यांना कळलंही नसतं. लहान आकडा पुढे करणारा माणूस मोठा आकडा मागे लपवत असतो, असा त्यांचा अनुभव होता. ते वाट बघत राहिले. तिने मोठा आकडा काढला नाही, तीन पत्रं काढली. या वर्षात आलेल्या तीन तक्रारींची पत्रं होती ती. एक गडद निळ्या पँटच्या कापडाची, दोन वेगवेगळ्या राखींची. तिन्ही वेळा उजेडरावांनी फोनवर निकाल लावला होता.

ती म्हणाली, "तिघांनीही लिहिलंय की कापड निळ्याकडे झुकलंय. लालकडे नाही, हिरव्याकडे नाही. मला हा योगायोग वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांना काय वाटतं असं त्यांना या खिडकीत कुणी विचारत नसे. तीन दुकानं, तीन उजेड, असं त्यांनी सांगितलं. तिने खरोखर विचार केल्यासारखा चेहरा केला, असूही शकेल असं म्हणाली, पण हरकत मागे घेतली नाही. नियम असा होता की त्याच दिवशी मिटलं नाही तर पलटी पुढच्या कामाच्या दिवशी, मॅनेजरसमोर. म्हणजे सोमवारी दहाला.

निघताना उजेडरावांनी दोन्ही लॉटचे सहा-सहा तुकडे खिशात घातले. त्यांच्या डोक्यात एक बेत होता. ज्या बाईने आयुष्यात रंगाईचा कारखाना पाहिलेला नाही, जिला यात काही मिळवायचं नाही, तिलाही हे तुकडे वेगळे करता येत नाहीत, असं दाखवलं की केमिस्टचा निळा रंग तिच्या मनातला ठरतो. मॅनेजरलाही ते एका वाक्यात कळलं असतं.

रविवारी सकाळी बायको गॅलरीत भाजी निवडत बसली होती. उजेडरावांनी तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक आकडे घातले, तुकडे पिसले आणि तिच्यासमोर पसरले. एकासारखे एक वाटतील ते एकत्र लाव म्हणाले. फरक वाटला नाही तर तसं सांग, दडपण घेऊ नकोस, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तिने हात पुसले. उजेडराव खुर्ची पुढे ओढून नीट बसेपर्यंत दोन ढीग झाले होते.

"हे राखी. हे निळसर. आता उचला, माझी भाजी राहिलीय."

त्यांनी तुकडे उलटे केले. सहा इकडे, सहा तिकडे, एकही चूक नाही.

पहिल्यांदा त्यांना आकड्यांचा संशय आला. पेन्सिल पातळ कापडातून उमटली असणार. त्यांनी आकडे खोडले आणि एका लॉटच्या तुकड्यांना कोपऱ्यात टाचणीचं भोक पाडलं, तेही तिच्याकडे पाठ करून. मग कडांचा संशय आला. दोन्ही लॉट वेगवेगळ्या कात्रीने कापलेले असतील. बाराही तुकडे त्यांनी घरच्या कात्रीने पुन्हा एका मापाचे कापले. बायको हे सगळं बघत होती. परीक्षा माझी आहे की तुकड्यांची, असं तिने विचारलं. दुसऱ्यांदाही तिने सहा-सहाचे ढीग लावले, या वेळी त्यांच्याकडे न बघता, शेंगांच्या शिरा काढता काढता एका हाताने.

उजेडरावांनी तुकडे गोळा केले. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं की कारखान्यातून कुणा बाईचा फोन वगैरे आला होता का. बायकोने शेंग खाली ठेवली आणि तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच विचारलं.

ती आत गेल्यावर त्यांनी तुकडे पिसून स्वतः लावले. सात बरोबर आले, पाच चूक. चष्मा पुसून पुन्हा लावले. सहा बरोबर, सहा चूक. डोळे मिटून लावले असते तरी एवढेच आले असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बायको पाण्याची झारी घेऊन बाहेर आली तेव्हा ते तसेच बसले होते. तुकडे मांडीवर, दोन ढिगांत, दोन्ही चुकीचे. तिने ते पाहिलं आणि झारी कठड्यावर ठेवली.

"गेल्या थंडीपासून तुमचा एक मोजा काळा असतो आणि एक निळा," ती म्हणाली. "रोज नाही. आठवड्यातून दोनदा तरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही मला अर्धा तास समजावलंत, की कपाटावरच्या बल्बमुळे मला तसं दिसतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही जिंकलात." तिने झारी उचलली. "मग मी गप्प बसले. कोण रोज रोज हरेल?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उजेडरावांना जास्त लागलं. रागावर त्यांच्याकडे उपाय होते. ते आठवू लागले की त्यांच्याशी बोलताना असं आणखी कोण कोण गप्प बसलं असेल. मेहुणा आठवला. फोन ठेवून देणारे दुकानदार आठवले. त्यातल्या काहींनी नंतर मागणीच पाठवली नव्हती, आणि ती दुसऱ्या कारखान्याने पळवली असं उजेडराव आजवर धरून चालले होते.

दुपारी त्यांनी एका कोऱ्या कागदावर केमिस्टची बाजू लिहायला घेतली. पलटीच्या आदल्या दिवशी ते नेहमीच असं लिहीत. मोजणी, बल्ब बदलल्यानंतरची मोजणी, तीन पत्रं, तिन्हींचा एकच रंग. एकेका विटेला त्यांनी सवयीने हलवून पाहिलं. एकही हलेना. शेवटी एक वीट त्यांनी स्वतःच्या हाताने घातली, जी केमिस्टकडे नव्हती. बारा तुकडे. कागद घडी करून खिशात ठेवताना त्यांच्या मनात आलं की हे तुकडे उद्या कुणाला दिसण्याचं कारण नाही. बायको काही कारखान्यात येत नाही.

सोमवारी पावणेदहाला मॅनेजरने त्यांना जिन्यातच गाठलं. शिवणकारखान्याचे सकाळपासून चार फोन आले होते, गाडी साडेअकराला लावली होती. काका, तुम्ही नेहमीसारखं लवकर आटपा, एवढंच त्याचं म्हणणं. उजेडराव जिन्याच्या कठड्याला हात लावून थांबले. म्हणजे मॅनेजर तिच्या बाजूने नव्हता. मॅनेजरला लॉट जायला हवा होता, आणि तो पाठवू शकणारा माणूस म्हणून तो त्यांच्याकडेच बघत होता. आठ महिने ज्या कटाचे धागे ते जुळवत होते त्यातला एक असा जिन्यातच तुटला. त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं, मग ही एकटी कशासाठी करतेय?

खिडकीशी तिघं उभे राहिले. आभाळ स्वच्छ होतं. हरकत तिची होती, म्हणून तिचं म्हणणं उजेडरावांनी आधी मांडायचं.

सैल वीट जिभेवर तयार होती. यंत्र माणसापेक्षा खरं असतं असं बाईंचं म्हणणं आहे, एवढं म्हटलं असतं तरी तिने, घाईत का होईना, मान हलवली असती. मग ते म्हणाले असते की दवाखान्यातले लोक कोट यंत्राने बघणार आहेत की डोळ्यांनी? मॅनेजर हसला असता आणि अकराच्या आत गाडी भरली असती.

"बाईंचं म्हणणं असं, की यंत्र," ते म्हणाले आणि थांबले. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. केमिस्ट कापडाकडे बघत होती.

त्यांनी खिशातला कागद काढला.

"बाईंचं म्हणणं असं. हा लॉट पहिल्यापेक्षा निळा आहे. जुन्या बल्बवर मोजला तेव्हा फरक जास्त दिसला, नव्यावर कमी, पण गेला नाही. डोळ्यालाही दिसतो, ढग असताना आणि नसताना. या वर्षातल्या तीन तक्रारी अशाच निळ्याकडच्या आहेत. तीन दुकानांतला उजेड एकाच बाजूने चुकणार नाही. म्हणजे चूक या खिडकीत आहे." त्यांनी बारा तुकडे टेबलावर ठेवले आणि रविवारी काय झालं ते सांगितलं, आकड्यांसकट. "म्हणजे या खिडकीत बसणाऱ्याला निळं दिसत नाही. हेच तुमचं म्हणणं ना?"

मॅनेजर दोघांकडे आळीपाळीने बघू लागला. केमिस्टने बारा तुकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेवटचं सोडून."

"म्हणजे?"

"डोळ्यांचं मी म्हटलं नव्हतं. मला शंका आली होती, खोटं कशाला बोलू. पण ती मी तपासली नव्हती. जे तपासलं नाही ते माझं म्हणणं नाही. ते काढा, मग हो."

सव्वीस वर्षांत कबुली अशी कुणी अडवली नव्हती. लोक आपली बाजू कच्ची झाली म्हणून कुरकुरत. जास्त पक्की झाली म्हणून कुणी परत केली नव्हती. उजेडरावांनी कागदावरची शेवटची ओळ पेनाने खोडली, बाकीचं पुन्हा वाचलं, आणि ती म्हणाली की हो, हेच माझं म्हणणं.

मग तिची पाळी. उजेडराव सावध झाले. ती वीट कुठे सैल ठेवते हे बघायला त्यांनी हात मागे बांधले. ती अडखळत बोलत होती. काकांचं म्हणणं असं, की यंत्र नाण्याएवढा ठिपका बघतं आणि माणूस अख्खा ताका बघतो. पहिला लॉट कडेला आणि मध्ये अगदी एकसारखा नव्हता, म्हणजे नमुना तरी नक्की कोणता धरायचा? मशिनं थांबली आहेत. आणि एक गोष्ट काकांनी म्हटली नाही, पण त्यांच्या बाजूची तीच सगळ्यांत जड आहे: कापड पुन्हा कुंडात घातलं तर ते थोडं आटेल आणि बाह्यांना कदाचित पुरणार नाही. म्हणून आहे ते पाठवणं कमी नुकसानीचं.

उजेडरावांनी प्रत्येक वीट हलवून पाहिली. त्यांच्या बाजूची भिंत त्यांनी स्वतः कधी इतकी नीट बांधली नव्हती. हो, हेच माझं म्हणणं, असं ते म्हणाले, आणि हे खरं असतं तर किती सोयीचं झालं असतं असं त्यांना वाटून गेलं.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाला. "आता आपापलं बोला आणि संपवा."

"माझं काही नाही," उजेडराव म्हणाले. "लॉट जात नाही."

मॅनेजर चिडला. काका, तुम्ही नक्की कुणाकडून बोलताय, असं विचारून तो फोन करायला खाली गेला.

पुढचं काम साधं होतं. निळं मारायला पिवळ्याचा अगदी हलका हात द्यायचा. उजेडरावांनी तोंडपाठ प्रमाण सांगितलं. तिने कागदावर मांडून त्याच्या निम्मं काढलं. त्यांच्या तोंडात उत्तर आलं होतं, ते गिळून त्यांनी विचारलं की निम्मं का. तिने सांगितलं. त्यांनी सांगितलं की तीन नंबरचं कुंड तळाशी रंग धरून ठेवतं, तिथे निम्म्याने भागत नाही. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणून तिने आकडा थोडा वर नेला. कापड आटलं, पण बाह्यांना पुरलं, शेवटच्या ताक्यात काही बोटं उरली. लॉट बुधवारी गेला. शिवणकारखान्याने दोन दिवसांच्या खोळंब्याबद्दल खरमरीत पत्र लिहिलं आणि मॅनेजर आठवडाभर उजेडरावांशी कामापुरतंच बोलला.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्हीकडे मोतीबिंदू सांगितला. पिवळी काच लावून जग बघावं तसं तुम्ही वर्षभर बघताय, म्हणाले. एकेक डोळा करून घ्या, तीन-चार महिन्यांत मोकळे व्हाल. ही गोष्ट मॅनेजरला सांगायची तर खिडकीवरची सही सोडावी लागणार होती. उजेडराव शुक्रवारी स्वतःच त्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले की यापुढे सही बाईंची असू द्या.

मॅनेजरने मान वर केली. केमिस्ट सकाळीच येऊन गेली होती. एकटीच्या सहीवर काम करणार नाही म्हणाली. दोन सह्या हव्यात, तिची आणि काकांची, आताही आणि पुढेही.

उजेडराव त्या संध्याकाळी पायी घरी निघाले, कारण त्यांना विचार करायचा होता. दोन सह्या कशाला? लॉट फसला तर निम्मा दोष त्यांच्या माथी, हे एक कारण होऊ शकत होतं. ते बरोबर बसलं आणि त्यांना हायसं वाटलं. चौकापर्यंत पोचले तेव्हा ते सुटलं. दोष टाळायचा असता तर तिने शनिवारी हरकतच घेतली नसती. मग वाटलं, दया दाखवतेय. पण पलटीच्या वेळी तिने त्यांना एका शब्दाचीही सूट दिली नव्हती. दार येईपर्यंत त्यांनी पाच कारणं तपासली आणि पाचही त्यांच्या हातात राहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला सरळ विचारलं. उत्तर हाताशी तयार न ठेवता कुणाला काही विचारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा कडकच निघाला.

ती एका तपकिरी तुकड्याकडे बघत होती. "लाल-तपकिरीत मला खात्री नसते, काका," ती म्हणाली. "दोनदा तुम्ही माझी चूक दाखवलीत. एकदा पडद्यांचं कापड, एकदा ते गालिच्याचं सूत. मी जाऊन तपासलं होतं. तुमचंच बरोबर होतं."

ते दोन वाद उजेडरावांना आठवत होते. दोन्ही त्यांनी जिंकले होते आणि पहिला तर फार मजेने जिंकला होता, तिला 'ओल्या कापडावरून' असं म्हणायला लावून. पण ते खरंही होतं हे त्यांनी तेव्हा पाहिलं नव्हतं. जिंकल्यावर पाहायचं काय राहतं? त्यांनी नोंदवही ओढली आणि मागची पानं उलटू लागले. पडद्यांचं कापड सापडलं, सूत सापडलं. दोन्हींसमोर त्यांचीच सही होती, वळणदार, एकाही शंकेचा डाग नसलेली. त्याच्या वर-खालीही तशाच सह्या होत्या, पानामागून पान. त्यातले किती लॉट खरे होते आणि किती नुसते जिंकलेले होते, याची वेगळी नोंद त्यांनी कधी ठेवली नव्हती.

"काका, हा बघता का?" केमिस्टने तपकिरी तुकडा पुढे सरकवला.

"थांबा," ते म्हणाले, आणि आणखी एक पान मागे गेले.